घडी

सकाळी सहा पन्नास. पाँटलंड गावचा हॉल,
चहाचं पिंप, परातभर केळी,
भिंतीला टेकलेल्या चाळीस सायकली,
सगळ्या उंच, काटकुळ्या, नाक वर करून.
मी माझी पिशवीतून काढली.
दोन खटके, एक बिजागरी. झाली उभी.

"दोनशे किलोमीटर? हिच्यावर?"
थिर्लवेलबाईंनी चष्म्यावरून आधी चाकं पाहिली,
मग माझे गुडघे,
आणि कार्डावर पहिला शिक्का मारला.
"साडेआठच्या आत ये. सूप संपतं."

अकरा वर्षं हिनं रोजचे चारच किलोमीटर केले.
मॉर्पेथला घर ते फलाट,
न्यूकॅसलला फलाट ते नदीकाठचं गॅसबिलांचं ऑफिस,
मग दिवसभर टेबलाखाली, माझ्या पायांशी,
पोटात पाय घेऊन झोपलेली.
आमची दोघींची घडी बसली होती.
मार्चमध्ये ऑफिसच मिटलं.
मला एक कुंडी मिळाली, आणि निरोपाचं कार्ड, बत्तीस सह्यांचं.
त्यातल्या दोन अजून लागलेल्या नाहीत.

पहिल्याच चढाला सगळे पुढे गेले.
जाता जाता कुणी "शाब्बास" म्हणालं,
लहान मुलानं दूध संपवलं की म्हणतात तसं.
चाक लहान, त्यामुळे दर खड्ड्याचं नाव-गाव कळतं.
त्यांना जो रस्ता सपाट गेला
तो मी अक्षर अक्षर लावून वाचला.

ऑल्स्टननंतर हार्टसाइडचा घाट.
वळण, पुन्हा वळण, मेंढ्या, वळण.
एक मेंढी रवंथ थांबवून बघत राहिली.
मी उतरले. ढकलली.
लाज वाटली, पण माथ्यापर्यंत पुरली नाही,
वाटेत कुठेतरी वाऱ्यानं नेली.
वर मोटारसायकलवाले डबे उघडून बसले होते.
त्यातला एक, दाढीत अंड्याचा कण, म्हणाला,
"ही मिटते? खरंच? दाखव की."
छातीचा भाता चालू, तरी दाखवली.
त्यानं टाळी वाजवली
आणि अर्धं सँडविच माझ्या हातावर ठेवलं.

पुढे शिक्का मारायला माणूस नाही, कार्डावर नुसता प्रश्न:
पुलाजवळच्या चॅपलच्या दाराचा रंग कोणता?
उत्तर हाच पुरावा, की तुम्ही इथून गेलात.
दार हिरवं. पण पोपडे निघालेले,
खाली निळं, त्याच्याखाली आणखी कुठलंतरी.
मी "हिरवा" लिहिलं,
मग शेजारी बारीक अक्षरात, "सध्या".

हॉल्टविसल. एकशे पंचेचाळीस.
नावातच थांबा, नावातच शिट्टी.
चार चोवीसची गाडी लागली, दारं उघडली,
आणि माझ्या हातांनी, मला न विचारता,
पहिला खटका सोडला.
अकरा वर्षांची सवय, गाडी दिसली की मिटायचं.
उंच सायकलवाल्यांचं बरं असतं,
त्यांना धीर धरावाच लागतो.
आत खिडकीची एक जागा रिकामी होती, काचेवर ऊब धरलेली.
गार्ड म्हणाला, "येताय?"
मी खटक्याकडे पाहत राहिले.
काही थोर विचार वगैरे आला नाही.
एवढंच आठवलं, की घरी कुंडीला सकाळीच पाणी घातलंय.
दारं मिटली. गाडी गेली.
खटका लावला. टक्.

उरलेले पंचावन्न, जुन्या रोमन भिंतीच्या कडेकडेनं,
वर खाली, वर खाली,
शिवणयंत्रासारखे पाय, दोरा कुठे संपतो ते ठाऊक नाही.
दिवे लावले. एक घुबड बराच वेळ कुंपणाकुंपणानं सोबत आलं,
मग त्याला दुसरं काम निघालं.

आठ सव्वीस.
थिर्लवेलबाई पातेल्याच्या तळाला पाव फिरवत होत्या.
सूप संपलं होतं.
त्यांनी घड्याळ पाहिलं, शिक्का मारला,
तोच पाव अर्धा मोडून दिला.
"मिटवून ठेव आता ती. दारात अडचण होते."

मी तिला भिंतीला टेकवली,
उंच सायकलींच्या मधे, हँडल थोडं वाकडं.
म्हटलं, राहू द्या घडीभर.
आजच घडी मोडलीय.